गाजर आणि रानगाजर : दोन हंगामांच्या प्रकल्प नोंदी

१० सप्टेंबर २०२२

प्रकल्पाची सुरुवात आज बियाण्यापासून करत आहे. टेबलावर तीन वाण आहेत : पहिला नॅन्टीस प्रकारचा, म्हणजे दंडगोल आणि बोथट टोकाचा नारिंगी वाण, दुसरा जुना, मुक्त परागणाने टिकवलेला जांभळा वाण, आणि तिसरे बीजसंग्रहातून मिळालेले रानगाजर. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही तिन्ही एकाच जातीची, डॉकस कॅरोटाची, रूपे आहेत. लागवडीतले गाजर सॅटायव्हस या उपजातीत मोडते, तर युरोप आणि पश्चिम व मध्य आशियात आपोआप वाढणारे व पुढे उत्तर अमेरिकेतही पसरलेले रानगाजर कॅरोटा या उपजातीत. दोघांच्याही पेशींत गुणसूत्रांच्या नऊ जोड्या असतात आणि त्यांचा संकर विनासायास होतो. मग एकाचे मूळ जाड, गोड आणि रंगीत आणि दुसऱ्याचे बारीक, पांढरे आणि काष्ठमय का, माणसाने या वनस्पतीत नेमके काय बदलले आणि तो बदल किती पक्का आहे, हे शेजारी शेजारी वाढवून पाहायचे आहे.

भिंगाखाली पहिला फरक लगेच दिसला. आपण ज्याला गाजराचे बी म्हणतो ते खरे तर अर्धे फळ असते. चामर कुलातील इतर वनस्पतींप्रमाणे गाजराचे फळ पिकल्यावर दोन भागांत फुटते आणि प्रत्येक भागात एक बी असते. रानगाजराच्या फलांशावर चार उभ्या कण्यांवर काटे आहेत, आणि त्यांची टोके इतकी बारीक आहेत की रुमालावर सांडलेले दाणे झटकून निघेनात, चिमट्याने काढावे लागले. जनावरांच्या अंगाला चिकटून दूर जाण्याची ती सोय आहे. नारिंगी वाणाचे दाणे मात्र गुळगुळीत आहेत. पण हा गुण वनस्पतीचा मानू नये, कारण लागवडीच्या गाजरालाही काटे येतात आणि बियाणे तयार करताना ते घासून काढले जातात. नाहीतर दाणे एकमेकांत गुंतून पेरणीयंत्रातून पडणार नाहीत.

१२ सप्टेंबर २०२२

पेरणी केली. गादीवाफा तीस सेंटिमीटर खोल खणून, ढेकळे फोडून, खडे वेचून माती भुसभुशीत केली. ताजे शेणखत मुद्दाम टाळले. मागच्या पिकाला घातलेले कुजलेले खतच पुरे आहे. कोवळ्या मुळाच्या टोकाला खडा, न कुजलेल्या खताचा गोळा किंवा सूत्रकृमी आडवा आला की टोक मरते आणि बाजूची मुळे जाड होऊन गाजराला फाटे फुटतात. एका ग्रॅममध्ये साधारण आठशे दाणे भरतात, त्यामुळे हाताने एकसारखे पेरणे अवघडच. बियाण्यात चौपट कोरडी वाळू मिसळली आणि एक सेंटिमीटर खोलीच्या ओळींत सोडली. वर गोणपाट पसरले आणि ते ओले ठेवायचे ठरवले.

२५ सप्टेंबर २०२२

उगवण अपेक्षेप्रमाणे विस्कळीत आहे. नारिंगी वाणाचे पहिले अंकुर नवव्या दिवशी वर आले, पण त्याच ओळीत आज तेराव्या दिवशीही नवे अंकुर डोके काढत आहेत. गाजर पेरणाऱ्या प्रत्येकाला याचा वैताग येतो. कारण मात्र बी कापल्याशिवाय कळत नाही. पिकलेल्या दाण्यातही गर्भ अगदी इवलासा असतो आणि बाकी सगळी जागा पुष्काने, म्हणजे अन्नसाठ्याने, भरलेली असते. पाणी शोषल्यावर हा गर्भ आधी दाण्याच्या आतच वाढतो आणि मगच मूळ बाहेर पडते. झाडावरच्या सर्वांत वरच्या, म्हणजे प्राथमिक फुलोऱ्यातील दाण्यांत गर्भ मोठा असतो, उशिरा आलेल्या बाजूच्या फुलोऱ्यांत तो लहान राहतो, आणि बाजारातल्या पुडीत हे सगळे दाणे एकत्र असतात. म्हणून एकाच ओळीतील रोपांत आठवड्याचे अंतर पडते आणि तेच अंतर काढणीच्या वेळी गाजरांच्या लहान-मोठेपणात दिसते.

रानगाजराची उगवण याहून मंद आहे. पेरलेल्यापैकी निम्मी रोपेही अजून दिसत नाहीत.

१० ऑक्टोबर २०२२

आज पेरणीनंतर अठ्ठावीस दिवसांनी नारिंगी ओळीतील एक रोप मातीच्या ढेपेसकट काढून पाण्यात धुतले. वर दोन अरुंद दलिका, म्हणजे बियातलीच पहिली पाने, आणि कातरलेली दोनच खरी पाने, उंची जेमतेम बोटभर. आणि खाली सरळ दोऱ्यासारखे सतरा सेंटिमीटरचे मूळ. हे रोप धुताना मागच्या आठवड्यातील चूक उमगली. उगवणीत पडलेले खाडे भरण्यासाठी मी दाट जागेची बारा रोपे उपटून रिकाम्या जागी लावली होती. गाजर आपली लांबी पहिल्या तीन-चार आठवड्यांतच जवळजवळ ठरवून टाकते. त्यानंतर ते मुख्यतः जाड होते. त्या बारा रोपांच्या मुळांची टोके उपटतानाच तुटली असणार. ती रोपे तशीच ठेवून, प्रत्येकाशेजारी काडी रोवून खूण केली आहे, डिसेंबरात पाहू.

२२ ऑक्टोबर २०२२

विरळणी केली, दोन रोपांत सहा सेंटिमीटर अंतर ठेवले. जी रोपे राहणार त्यांची मुळे हलू नयेत म्हणून नको असलेली रोपे उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापली.

पानांचा वास तिन्ही ओळींत सारखाच आहे, रानगाजराचा थोडा उग्र. रानगाजराची पाने जमिनीला चिकटून गुलाबपुष्पासारखी पसरतात, नारिंगी वाणाची उभी राहतात. खोड आले की ते केसाळ असते, ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण याच कुलातील कोनियम मॅक्युलेटम ही अत्यंत विषारी वनस्पती पानांवरून रानगाजरासारखीच भासते. तिचे खोड मात्र गुळगुळीत असते आणि त्यावर जांभळे ठिपके असतात. रानातून बी गोळा करण्याऐवजी ते बीजसंग्रहातून मागवले, त्यामागे हेही एक कारण होते.

१९ नोव्हेंबर २०२२

तिन्ही वाणांचे एकेक मूळ काढून आडवे कापले. प्रकल्पातला आतापर्यंतचा सर्वांत समाधानाचा दिवस.

नारिंगी गाजराच्या चकतीत मध्यभागी फिकट गाभा आहे, त्याभोवती एक बारीक रेषा आणि बाहेर गडद, रुंद वलय. गाभा म्हणजे पाणी वाहणारे प्रकाष्ठ, बाहेरचे वलय म्हणजे अन्न वाहणारे परिकाष्ठ, आणि मधली रेषा म्हणजे ऊतककर. तोच आतल्या बाजूला प्रकाष्ठाच्या आणि बाहेरच्या बाजूला परिकाष्ठाच्या पेशी तयार करत राहतो, म्हणून गाजर जाड होते. लागवडीच्या गाजरात या दोन्ही भागांत अन्न साठवणाऱ्या मऊ पेशींची गर्दी असते. कॅरोटीन बाहेरच्या वलयात जास्त असते, म्हणून चांगल्या वाणात गाभा लहान असावा असा निवडकर्त्यांचा आग्रह असतो. हाच रंगीत पदार्थ १८३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ वाकेनरोडर यांनी गाजरातून वेगळा केला आणि त्याला गाजराच्याच नावावरून नाव मिळाले. त्याचे रेणुसूत्र, चाळीस कार्बन आणि छप्पन्न हायड्रोजन, विलश्टेटर यांनी १९०७ मध्ये निश्चित केले.

जांभळ्या गाजराची त्वचा आणि बाहेरचे वलय जांभळे, पण गाभा पिवळा निघाला. हा जांभळा रंग कॅरोटीनचा नव्हे, अँथोसायनिनचा. तो पाण्यात विरघळतो, त्यामुळे सुरी, पाट आणि माझी बोटे सगळेच रंगले. नारिंगी चकती मात्र तासभर पाण्यात पडूनही पाणी जवळजवळ स्वच्छ राहिले, कारण कॅरोटीन पाण्यात विरघळत नाही.

रानगाजर कापताना सुरीला कर्रकर्र असा आवाज आला. मूळ करंगळीहून बारीक, पांढरे. बाहेरचे वलय अरुंद आणि गाभा लाकडासारखा. चव पहिल्या क्षणी गोडसर लागते आणि लगेच कडवट, राळेसारखी होते. नारिंगी गाजरात जे भाग आहेत ते सगळे यातही आहेत. फक्त ऊतककराने तयार केलेल्या पेशींपैकी बऱ्याच पेशींचे इथे लाकूड झाले आहे.

रानगाजराच्या ओळीतील दोन रोपांनी थंडी पडण्याआधीच फुलांचा दांडा वर काढला आहे. त्यांची मुळे आणखी घट्ट झाली असणार.

१६ डिसेंबर २०२२

काढणी केली. खूण केलेल्या बारापैकी अकरा गाजरांना दोन किंवा तीन फाटे, आणि बारावे बोटभर लांबीचे गोळ्यासारखे निघाले. न हलवलेल्या ओळीत फाटे फुटलेली गाजरे मोजून तीन होती. काही गाजरांचे खांदे मातीबाहेर आल्यामुळे हिरवे झाले आहेत; प्रकाश मिळाला की तिथे हरितद्रव्य तयार होते. मातीची भर घालायला हवी होती. नोव्हेंबरच्या अखेरीस आठवडाभर पाणी द्यायचे राहिले आणि नंतर एकदम भरपूर दिले, त्या ओळीच्या टोकाकडची पाच गाजरे उभी तडकली.

पुढच्या टप्प्यासाठी बेण्याची गाजरे निवडली. जाडी, आकार आणि रंग पाहून बारा नारिंगी आणि बारा जांभळी गाजरे ठेवली, आणि रानगाजराची दहा. पाने तीन सेंटिमीटर ठेवून कापली, जेणेकरून मधला वाढीचा कोंब शाबूत राहील. नारिंगी गाजरांचा खालचा दोन तृतीयांश भाग कापून गाभा तपासला आणि फक्त वरचा तुकडा ठेवला. गाभा पाहून निवड करायची आणि तरीही तेच झाड पुढे बियाण्यासाठी लावायचे, ही सवलत गाजर देते. फार थोडी पिके देतात.

१८ डिसेंबर २०२२

बेण्याची गाजरे ओलसर लाकडी भुशात घालून शीतकपाटात चार अंशांवर ठेवली. गाजर द्विवर्षायू आहे : पहिल्या हंगामात ते मुळात साठा करते, आणि दहा अंशांखालच्या थंडीचे सहा ते बारा आठवडे सोसल्यावरच फुलोऱ्यावर येते. अगदी कोवळ्या रोपावर या थंडीचा परिणाम होत नाही. मूळ निदान पेन्सिलीइतके जाड व्हावे लागते. त्याच कपाटात सफरचंदांची पिशवी होती, ती हलवली. सफरचंदांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे गाजरे कडू होतात. बेण्याच्या गाजरांना चवीशी देणेघेणे नसले, तरी खाण्याची गाजरेही तिथेच आहेत.

२० फेब्रुवारी २०२३

नऊ आठवड्यांनी बेणे बाहेर काढले. दोन नारिंगी तुकड्यांवर पांढरी बुरशी कापसासारखी वाढली होती, ते फेकून दिले. बाकीच्यांच्या मधोमध फिकट पिवळे कोंब आले आहेत. खांदे मातीबरोबर राहतील अशा बेताने लावणी केली. नारिंगी आणि रानगाजरांच्या वाफ्यांत चाळीस मीटर अंतर आहे. बीजोत्पादनात आठशे ते हजार मीटर आणि त्याहूनही जास्त अंतर राखतात. ते इथे शक्य नाही, म्हणून नारिंगी झाडांवर बारीक जाळीचा पिंजरा उभारणार आहे. जांभळी झाडे या वर्षी फुलू देणार नाही, एकाच वेळी तीन परागांवर लक्ष ठेवणे झेपणार नाही.

२ मे २०२३

रानगाजर फुलावर आले. सपाट पांढरी छत्री, खाली तीन-तीन फाट्यांनी चिरलेल्या छदांची, म्हणजे फुलोऱ्याखालच्या पानांची, झालर. मोठ्या छत्रीत अनेक छोट्या छत्र्या, आणि प्रत्येकीत डझनावारी फुले. एका प्राथमिक चामरात, म्हणजे सर्वांत वरच्या मोठ्या छत्रीत, हजारावर फुले सहज भरतात. ऐन मध्यभागी मात्र एकच गडद जांभळे फूल आहे, दुरून बसलेल्या माशीसारखे दिसणारे. दहापैकी सात झाडांवर ते मिळाले, नारिंगी वाणाच्या चामरात एकदाही नाही. डार्विन यांनी १८७७ मध्ये या फुलाचा वनस्पतीला बहुधा काहीच उपयोग नाही असे लिहिले होते. नंतरच्या अभ्यासकांनी ते कीटकांना बोलावते का याचे प्रयोग केले आणि उत्तरे परस्परविरुद्ध आली. मी अर्धा तास शेजारी बसून पाहिले. आलेल्या माश्यांपैकी एकही त्या फुलापाशी थांबली नाही. पण अर्ध्या तासावरून मत बनवणे बरोबर नाही.

९ मे २०२३

संकराचे काम केले : आई नारिंगी, पराग रानगाजराचे. गाजराच्या फुलात पाच केसरदले, म्हणजे पराग देणारे नर भाग, आधी पिकतात आणि गळतात. दोन किंजले, म्हणजे मादी भाग, त्यानंतर लांब होऊन परागग्रहणक्षम होतात. त्यामुळे एका फुलाचे स्वपरागण जवळजवळ होत नाही, पण चामरात बाहेरची फुले आधी आणि आतली नंतर उमलतात, म्हणून एकाच चामरात नर आणि मादी अवस्था एकमेकींवर येतात. यावर जुना उपाय असा : बाहेरच्या काही छोट्या छत्र्या राखून मधल्या सगळ्या कापायच्या, राखलेल्या फुलांचे परागकोश फुटण्याआधी रोज सकाळी चिमट्याने काढायचे, आणि किंजले फाकली की दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने लावायचे. दोन मिलिमीटरचे फूल, त्यात पाच परागकोश. चार चामरांसाठी सलग पाच सकाळी गेल्या आणि मान अवघडली. व्यापारी संकरित बियाण्यासाठी हे कोणी करत नाही, ते नरवंध्य, म्हणजे कामाचे पराग न देणारी, झाडे वापरतात. तपकिरी, सुकलेल्या परागकोशांचा नरवंध्य प्रकार १९४७ मध्ये नोंदवला गेला. आज जास्त वापरात असलेला, केसरदलांच्या जागी पाकळ्या येणारा प्रकार रानगाजरातूनच आलेला आहे. रानटी नातेवाईक नुसता उपद्रव असतो असे मानणाऱ्यांना हे उदाहरण द्यावे.

संकरित चामरांना कागदी पिशव्या बांधल्या. पिंजऱ्यातील उरलेल्या नारिंगी फुलांचे आपापसांत परागण व्हावे म्हणून आत माश्या सोडल्या.

१७ मे २०२३

पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात जाळी खुंटीवरून सुटली होती. किती दिवसांपासून, ते ठाऊक नाही. लगेच बांधली.

२८ जून २०२३

रानगाजराच्या पिकलेल्या छत्र्या आत वळून पक्ष्याच्या घरट्यासारख्या झाल्या आहेत. दमट सकाळी ही घरटी घट्ट मिटलेली असतात, कोरड्या दुपारी थोडी उघडतात आणि मग बी सुटते. संकरित चामरांतून एकशे दहा दाणे मिळाले, त्यांतले बरेच पोकळ आहेत. पिंजऱ्यातील नारिंगी बियाणे फक्त प्राथमिक चामरांतून घेतले.

१७ सप्टेंबर २०२३

संकरित बियाणे एका ओळीत आणि पिंजऱ्यातील नारिंगी बियाणे दुसऱ्या ओळीत पेरले. या वेळी खाडे भरले जाणार नाहीत.

१९ डिसेंबर २०२३

दोन्ही ओळी काढल्या. संकराच्या ओळीत अठ्ठावीस मुळे निघाली. त्यांतली पंचवीस पांढरी किंवा अगदी फिकट पिवळसर, नारिंगी आईचा मागमूस नसलेली, रानगाजराहून जाड पण फाटे फुटलेली आणि केसाळ. तीन नारिंगी होती, म्हणजे तिथे माझ्या चिमट्यातून परागकोश सुटले. पांढरेपणा प्रभावी असतो. २०२३ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६३० गाजरांच्या जनुकसंचांची तुलना करण्यात आली, आणि नारिंगी रंगासाठी तीन जनुकांची अप्रभावी रूपे एकत्र यावी लागतात असे त्यात दिसले. रंग येण्यासाठी काहीतरी बंद व्हावे लागते. रानगाजराचा एकच पराग ते पुन्हा चालू करतो.

दुसरी ओळ पाहून मात्र हसावे की रडावे कळेना. चौसष्ट मुळांत साठ नीटस नारिंगी, आणि चार पांढरी. त्यांतल्या एकाने दांडाही काढला होता. जाळीचा तो सुटलेला कोपरा आणि चाळीस मीटरवरचे रानगाजर यांनी एवढे काम केले. १८३० च्या दशकात फ्रान्समध्ये बियाणे-व्यावसायिक विल्मोरँ यांनी रानगाजराचे बी पेरून, निवड करत करत चारच पिढ्यांत जाड, मांसल मुळे मिळवली होती, आणि रानटी वनस्पतीपासून पीक इतक्या लवकर घडते याचे ते प्रसिद्ध उदाहरण बनले. पुढे अनेकांनी शंका घेतली की त्यांच्या रानगाजरांना जवळच्या लागवडीच्या गाजरांचे पराग मिळाले असावेत. माझ्या पिंजऱ्यात तेच उलट्या दिशेने घडले, म्हणून ही शंका मला आता जास्त पटते.

२१ डिसेंबर २०२३

पंचवीसपैकी सर्वांत जाड सहा संकरित मुळे ओल्या भुशात घालून शीतकपाटात ठेवली. फेब्रुवारीत ती एकत्र लावून, दुहेरी जाळीखाली आपापसांत फुलू देईन. पुढच्या पिढीत नारिंगी किती निघतात ते मोजायचे आहे. पिंजऱ्यातील ती चार पांढरी मुळेही वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिठ्ठीसह ठेवली आहेत. पिंजऱ्यासाठी नव्या खुंट्या आणायच्या आहेत, या वेळी लोखंडी.